आमच्या मोहाखालची थंड राख

मोहाचं फूल पडताना आवाज होतो, असं मी कॉलेजात एका मुलीला सांगितलं तेव्हा ती हसली. फुलाचा कसला आवाज, म्हणाली. मला वाद घालता येत नाही, अजूनही नाही. पण आवाज होतो. मोहाचं फूल बोराएवढं, रसानं जड असतं, आणि सकाळी झाडापासून सुटलं की वाळल्या पाल्यावर टप्प करून पडतं. आधी एक. मग बराच वेळ काहीच नाही. मग चारी बाजूंनी. लहानपणीचे माझे सगळे मार्च महिने या आवाजात गेले. मी थंडीनं हात काखेत घालून उभी असायची आणि माय पुढे वाकून वेचत असायची. पण पाल्यात पडलेलं फूल लवकर दिसत नाही, त्याचा रंगही वाळल्या पानासारखाच फिका. म्हणून मोहाखालची जमीन साफ करावी लागते. ती साफ करायची आमच्याकडची रीत एकच होती: पहाटे दव असताना भोवतीची हातभर जागा झाडून घ्यायची, मधला पाला एकत्र करायचा आणि त्याला काडी लावायची. माझ्या आजोळी तसंच, बाबांच्या घरी तसंच. कुणी शिकवलं असं नाही. सगळ्याच बाया तसं करत आल्या.

आत्मकथन लिहावं असं माझं वय नाही, हे मला कळतं. मी अजून शिकते आहे, कॉलेजसाठी कुडव्यात एका खोलीत आम्ही तिघी मुली राहतो, आणि हे लिहिताना त्यातली एक स्टोव्हवर भात लावून मला दर पाच मिनिटांनी विचारते की एवढं काय लिहून राहिलीस. तिला काय सांगू? त्या एका मोहाच्या हंगामात मी एक गोष्ट केली आणि मग दुसरी केली. पहिलीची लाज आहे. दुसरीबद्दल काय वाटतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. लिहून बघते.

आमचं घर केशोरीपासून आत, जंगलाला लागून असलेल्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर. टोल्यावर सगळी गोंडांची घरं. मूळ गाव शेतीवाल्यांचं, ते नाल्याच्या पलीकडे. थंडी सरली की टोल्यातली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. माझे बाबाही दरवर्षी जायचे, त्यामुळे मोहाच्या दिवसांत टोला जवळजवळ बायांचाच असायचा. अंगणभर फुलं वाळत घातलेली, त्यांचा गोड, जरा आंबूस वास कपड्यांना, अंथरुणाला, वह्यांनाही लागायचा. कॉलेजात गेल्यावर पहिल्या वर्षी मी माझ्या वह्या हुंगून बघायची की तो वास बाकीच्यांना येतो की काय. सकाळी तांदळाची पेज, दुपारी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. फुलं वाळली की माय ती भाजायची आणि तिळाबरोबर उखळात कुटायची. गरम असतानाच आम्ही मूठमूठ खायचो. हाताला चिकट लागायचं आणि माय म्हणायची, “चाट, धुऊ नोको.”

मोहाच्या झाडांना आमच्याकडे कुंपण नसतं, नावाची पाटी नसते. पण कुठलं झाड कोणाच्या घराचं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आमचं झाड टेकडीच्या उतारावर, मोठं, खालच्या फांद्या जमिनीला टेकत आलेल्या. त्याच्याखालचा पाला झाडून काढायला दोन माणसांना तीन सकाळी लागायच्या. मी सुट्टीत घरी असले की माय आणि मी मिळून ते करायचो.

“झाडून काढायला” असं मी आता लिहिते, पण झाडणं नंतर आलं. आधी आम्हीही जाळतच होतो. टोल्याच्या सभेला जंगलाच्या सामूहिक हक्काचा कागद मिळाला आणि त्यानंतर ते बदललं. त्या कागदासाठी बायांनी जंगलाची हद्द पायी चालून मोजली होती, तालुक्याला चकरा मारल्या होत्या, आणि त्यात माय सगळ्यांत पुढे होती. कागद आल्यावर सभेनं ठरवलं की आता हे जंगल आपण सांभाळायचं, तेव्हा मोहाखाली आग लावायची नाही. जो जाळेल त्याचं झाड त्या हंगामापुरतं सभा परत घेईल. हा ठराव मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत झाला आणि माझ्या अक्षरात लिहिला गेला. मायनं त्यावर सही केली. बचत गटात ती सही शिकली होती आणि अंगठा द्यायला तिला आवडत नसे.

टोल्यातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून सभेचं रजिस्टर माझ्याकडे आलं. सभेच्या अध्यक्ष कौसल्याकाकी, आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. रजिस्टरमध्ये जे लिहिलं जाईल ते लिहिणाऱ्यानं तिथल्या तिथे सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, आणि मगच सह्या-अंगठे. फार पूर्वी कुण्या ठेकेदाराच्या माणसानं टोल्यातल्या बायांचे अंगठे घेऊन कागदावर भलतंच लिहून घेतलं होतं. काकी म्हणायच्या, “लिहिलेलं मुकं रायते बाप्पा. त्याले बोलतं करा.” वर्गात प्राध्यापकांनी प्रश्न विचारला की मी वहीत मान घालायची. सभेत मात्र मी वाचायची, कारण ते माझं बोलणं नव्हतं. सगळ्यांनी ठरवलेलं मी फक्त वाचत होते.

त्या वर्षी होळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा अंगणात फुलं पसरलेली होती. पुष्कळ होती. मायचा उजवा गुडघा सुजलेला होता, ती पाय ओढत चालत होती. मला आनंद झाला, हे मी खरं लिहिते. एवढी फुलं एकटीनं, त्या गुडघ्यावर, एवढ्या मोठ्या झाडाखाली कशी वेचली असतील, हा प्रश्न मला पडला नाही. “तुले बरं वाटून राहिलं ना?” एवढंच मी विचारलं. ती म्हणाली, “मले काय झालं?” आणि पेज वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धूर दिसला.

आधी कुणीतरी ओरडलं, मग सगळ्या टोल्यात पळापळ. आग लागली की आमच्याकडे पाणी नेत नाहीत, पाणी कुठून आणणार? नाल्याकाठच्या जांभळाच्या हिरव्या फांद्या तोडायच्या आणि आग बडवायची. पाच-सहा जणींनी आगीच्या पुढे जाऊन पाला ओढून जमिनीची एक पट्टी मोकळी करायची, म्हणजे आगीला पुढे खायला काही मिळत नाही. त्या उन्हाळी जंगलात आग उंच नव्हती, गुडघ्याएवढीच, पण वारा सुटला होता आणि ती सापासारखी पाल्यातून सरकत होती. डोळ्यांतून पाणी, घशात धूर. शेजारी कोण बडवतं आहे तेही दिसत नव्हतं, फक्त फांद्यांचे फटाफट आवाज आणि काकींचं ओरडणं: “खालतून मारा! खालतून!” सुकवारा माझ्या डाव्या हाताला होती. ही सुकवारा छत्तीसगडकडची. नवऱ्यानं टाकल्यावर मामाच्या आधारानं आमच्या टोल्यावर आली आणि राहिली. सभेनं दोन वर्षांपूर्वी तिला मोहाचं एक झाड दिलं होतं, आमच्या झाडापासून शंभर पावलांवर. ते देताना कुरकुर झाली होती. तिच्याकडे तेवढं एकच झाड होतं, आणि टोल्यातली तिची जागाही त्या एका झाडावरच उभी होती. त्या दुपारी आग तिनं झाडून कडेला ओढलेल्या पाल्यातून तिच्याच झाडाखाली शिरली, आणि ती वेड्यासारखी बडवत होती.

आग विझत आली तेव्हा काकींनी मला ओरडून सांगितलं, “रंजना, तिकडच्या अंगाले पाहून ये, कुठी धुमसत असन.” तिकडच्या अंगाला म्हणजे आमच्या झाडाकडे. मी गेले. आमच्या मोहाखाली जमीन काळी होती. मला वाटलं, आग इथंही येऊन गेली. मी पाय ठेवला. राख थंड होती.

मी खाली बसून हात लावला. गार. राखेवर त्या सकाळची फुलं पडलेली होती, एकही भाजलेलं नाही. म्हणजे ही आग आजची नव्हती. भोवती हातभर जागा झाडलेली, अगदी गोल, जशी माय झाडायची. फक्त एका ठिकाणी तो गोल तुटला होता. तिथून काळी, बोटभर रुंदीची रेघ उतारावर गेली होती, आणि तिच्या टोकाला ऐनाचं एक जुनं, आडवं पडलेलं पोकळ खोड होतं. खोड आतून अजून लाल होतं. वाळवीनं खाल्लेलं लाकूड आतल्या आत दिवसचे दिवस जळतं, वरून काही दिसत नाही. मग वारा येतो. त्या खोडाच्या पलीकडच्या तोंडातून आग निघाली होती आणि सुकवाराच्या झाडाकडे गेली होती. आमच्या झाडाकडे ती वळलीच नाही, कारण तिथे जळायला काही उरलेलंच नव्हतं.

मला हे सगळं समजायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा कमी वेळात मी पुढचं केलं. शेजारच्या सागाखालचा पाला दोन्ही हातांनी ओढून आणला आणि आमच्या मोहाखाली पसरला. परत आणला, परत पसरला. ती काळी रेघ पायानं मातीत मिसळली. खोडावर माती टाकली. कुणी बघितलं नाही. परत येऊन मी काकींना म्हटलं, “तिकडं काही नाही.” माझा आवाज अजिबात कापला नाही. इतर वेळी कापतो.

संध्याकाळी घरी माय चुलीपुढे बसली होती, पाय लांब करून. तिचे केस धुरानं माखले होते. मी दारातच म्हटलं, “माय, आपल्या झाडाखाली—”

“हात धुय,” ती म्हणाली. “पेज थंडी होऊन राहिली.”

“माय, ते खोड—”

“धुय ना हात.”

मी हात धुतले. आम्ही जेवलो. माय वाटीतल्या पेजेकडे बघत होती आणि मी तिच्या सुजलेल्या गुडघ्याकडे. मला वाटलं, ती सकाळी काकींकडे जाईल आणि सांगेल. तिच्याबद्दल माझी तशी खात्री होती.

सकाळी ती गेली नाही. वनखात्याचा गार्ड मात्र मोटारसायकलवर आला आणि त्याच्या मागे नाल्यापलीकडचे पोलीस पाटील. दोघांनी काकींना घेऊन आधी जळालेली जागा पाहिली, मग शाळेच्या ओट्यावर सभा बसली. चाळीसेक बाया, चार-पाच म्हातारे. मी रजिस्टर मांडीवर घेऊन ओट्याच्या कडेला. गार्ड बाहेरच्या जिल्ह्यातला, तरुण होता, उद्धट नव्हता. तो म्हणाला, “बाई, तुमचा जंगलाचा आराखडा साहेबांच्या टेबलावर आहे. गाव जंगल सांभाळेल असं त्यात तुम्हीच लिहिलं आहे. आता मला आगीचा अहवाल द्यावा लागणार. आग कशी लागली ते मला लिहून द्या. ‘माहीत नाही’ असं लिहिलंत, तर आराखड्याचं काय होईल मी सांगू शकत नाही.”

“माहीत काऊन नाही?” पोलीस पाटील म्हणाले. “डोळ्यांनी दिसते ना. त्या सुकवाराच्या झाडाखाली सारं काळं. शेवंताच्या झाडाखाली पाला जसाच्या तसा.”

शेवंता म्हणजे माझी माय.

सुकवारा उठून उभी राहिली. तिच्या कपाळावर आणि हातांवर फोड आले होते. “मैं नइ जराय हंव, दाई,” ती काकींना म्हणाली. “मोर झाड के तरी ला मैं बहार डारे रहेंव.” आपण जाळलं नाही, झाडून काढलं होतं, असं ती सांगत होती. घाबरली की तिची मराठी निघून जायची.

“झाडलं त मंग जळलं काय?” मागून कुणीतरी बोललं.

“झाड देल्लं तवाच म्हटलं होतं मी,” काकींची जाऊ पार्वतीबाई म्हणाली. “बाहेरच्या मानसाले जंगलाची काय माया?”

“चूप बस वं,” काकी म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्या सुकवाराकडे बघत नव्हत्या. त्यांनी स्वतः जागा पाहिली होती, आणि मी जे दिसेल असं केलं होतं तेच त्यांना दिसलं होतं. “कोनी पाहिलं काय? कोनाले काही सांगाचं हाय?” त्यांनी विचारलं. मी मायकडे बघितलं. ती खांबाला टेकून बसली होती, नजर पायाच्या अंगठ्यावर. मी तिची वाट पाहिली. खरंच पाहिली. काकींनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही पाहिली.

“लिही मंग, रंजना,” काकी म्हणाल्या. “सुकवारानं मोहाखाली जाळलं. नियमापरमानं झाड सभेनं परत घेतलं.”

मी पेन उघडलं. आता मागे वळून बघताना मी स्वतःला फार धीट करून सांगू नये असं मला वाटतं. मी उभी राहून काही बोलले नाही. मला ते जमलंच नसतं. मायकडे बघत “तू बोल” असंही मी म्हणू शकले नाही. मी खाली मान घातली आणि लिहायला लागले, कारण लिहिताना कुणाचं तोंड बघावं लागत नाही. सभा कुजबुजत होती, गार्ड मोबाइल बघत होता, सुकवारा उभीच होती. पाच-सात ओळी झाल्या. माझ्या लक्षात होतं की हे वाचावं लागणार आहे. तरी मी लिहिलं. कदाचित म्हणूनच लिहिलं.

“झालं? वाच,” काकी म्हणाल्या.

मी वाचलं. माझं मलाच ऐकू आलं नाही.

“मोठ्यानं वाच ना वं,” मागून आवाज आला. “इकडं काहीच आयकू नाही येऊन राहिलं.”

काकींना मात्र ऐकू आलं होतं, त्या अगदी जवळ बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “वाच. सबन आयकतील असं वाच.”

मग मी दुसऱ्यांदा वाचलं. “शेवंताबाई यांनी काही दिवसांपूर्वी आपल्या मोहाखालचा पाला जाळला. त्याची आग जवळच्या पोकळ खोडात राहिली व काल वाऱ्यानं बाहेर पडली. सुकवाराबाई यांनी जाळलेले नाही, त्यांचे झाड या आगीत सापडले. शेवंताबाई यांच्या झाडाखालची राख झाकण्यासाठी त्यांची मुलगी रंजना हिने काल त्यावर दुसरीकडचा पाला आणून टाकला. ही गोष्ट लिहिणारीने स्वतः पाहिली व केली आहे.”

कुणीतरी “अवं माय” म्हणालं. मी रजिस्टरवरून मान वर केली नाही. मला फक्त मायचं लुगडं सळसळलेलं ऐकू आलं. खांबाला धरून ती उठत होती, गुडघ्यामुळे तिला वेळ लागला.

“खोडात आग राहिली हे मले मालूम नोहोतं,” ती म्हणाली. “विझवूनच आली होती मी. काल धुराची जागा पाहिली तवा समजलं. बाकी तिनं लिहिलं ते खरं हाय.” आणि मग: “पाला हिनं टाकला, ते मले मालूम नोहोतं.” आणि तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचं मी खूप वेळा मनात वर्णन करून पाहिलं आहे. राग होता, पण तेवढाच नव्हता.

पोलीस पाटील हसले. “पाहा साहेब. जंगलाचे मालक! मी म्हणतच होतो का—”

“पाटील,” काकी वळल्या, “तुमच्या गावात उन्हाळ्यात शेताचे धुरे, बांध जाळता, तवा कोनाचं नाव लिहिता गा तुम्ही? एखादं रजिस्टर हाय काय तुमच्यापाशी? असन त दाखवा, आम्हीबी पाहू.”

गार्ड खाली बघून पायानं माती उकरू लागला. मला वाटतं, तो हसू दाबत होता.

त्यानंतर जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं, आता मायवर सगळ्या तुटून पडतील. पार्वतीबाई, जी सुकवाराला बोलली होती, तीच म्हणाली, “त्या झाडाखालचं एकटीनं कोन झाडन? तिचा गुडघा पाहा. माणूस मिरचीले, पोट्टी कॉलेजले.” मग तिनं खालच्या आवाजात जोडलं, “मीबी जाळलं. शनिवारी. माह्यावाली नाही भडकली एवढंच.” मागून आणखी एकीनं “मीबी” म्हटलं. मग आणखी एकीनं. काकींनी कपाळाला हात लावला. “म्हंजे नियम लिहिला आन् खाली बुडाशी बसून सबन जाळूनच राहिल्या!” कुणीतरी फिसकन हसलं. काकी हसल्या नाहीत.

बराच वेळ बोलणं झालं. नियम मोडायचा नाही, यावर काकी ठाम होत्या. पण सगळ्यांचीच झाडं घेता येणार नव्हती, म्हणून बाकी ज्यांनी कबूल केलं त्यांनी हंगाम संपेपर्यंत जंगलाच्या कडेची आगीची पट्टी साफ करायची, आणि मायच्या चुकीनं जंगल जळलं म्हणून तिचं झाड त्या हंगामापुरतं सुकवाराला, कारण सुकवाराच्या झाडाची फुलं आगीच्या झळीनं करपली होती. पण नियमाला एक ओळ जोडायची: ज्या घरात झाडायला माणूस नसेल त्यांनी आधी सांगायचं, आणि त्या झाडाखालचं टोल्यातल्या सगळ्या बायांनी पाळीपाळीनं झाडून द्यायचं. “सांगाले कमीपणा वाटते बाप्पा,” एक म्हातारी म्हणाली. काकी म्हणाल्या, “जाळाले नाही वाटत?” आणि माझ्याबद्दल: “रजिस्टर तिच्यापाशी राहू द्या. पण उद्यापासून दहावीतली कोनी पोट्टी तिच्या बाजूले बसन. एकीच्याच भरवशावर नोको.” ते योग्यच होतं. तरी मला लागलं. अजून आमच्या सभेत रजिस्टरपाशी दोघी बसतात.

मी सगळं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. मायनं सही केली, माझ्या हातातून पेन घेऊन, नेहमीसारखी सावकाश, अक्षर अक्षर. गार्डनं पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाला, “असं कुणी लिहून देत नाही, बाई.” हे चांगलं की वाईट, ते त्यानं सांगितलं नाही. आराखडा मंजूर झाला, पण उशिरानं झाला, आणि तोवर सभेनं स्वतः तेंदूपान तोडून विकायचा त्या वर्षीचा हंगाम आमच्या हातून गेला. पुढे कित्येक महिने काही घरांतून मला आणि मायला ते ऐकावं लागलं. मी हे लपवत नाही.

घरी आल्यावर माय माझ्याशी बोलली नाही. तिनं भात टाकला, अंगणातली फुलं उलटीपालटी केली, माझ्या आधी जेवली. मी दोनदा “माय” म्हटलं. दिवस कलताना तिनं डोक्यावर पदर घेतला आणि पाय ओढत निघाली. मी मागे गेले. ती सुकवाराच्या दारात उभी राहिली. सुकवारा लगबगीनं बाहेर आली आणि काय करावं न सुचून तिनं आधी पाण्याचा लोटाच पुढे केला. माय पाणी प्यायली.

“पहाटे नोको जाऊ,” माय तिला म्हणाली. “माह्या झाडाची फुलं उशिरा सुटते. तुह्यावाल्यासारखी नाही. ऊन टेकडीवर आलं का मंग जा. आन् वरच्या अंगाले जास्ती नोको पाहू, उतारावर घरंगळते, दगडात अटकते. तिथी पाहा.”

“तहूं चल ना, दाई,” सुकवारा म्हणाली. तूही चल.

“नाही. सभेनं तुले देल्लं.” माय वळली, आणि तेव्हा मी तिच्या वाटेत उभी होते. ती थांबली. दिवसभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “सुट्टी कवावरी हाय तुही?”

“रविवारपर्यंत.”

“मंग रविवारवरी हिच्यासंगं तू जा. हिचे हात भाजले हाय. खालचा पाला तूच झाड.”

मी मान हलवली. ती माझ्या बाजूनं पुढे गेली, चार पावलं चालली, आणि मागे न बघता म्हणाली, “आन् आपलं झाड नाही म्हणून हळू नोको झाडू.”